भाताला शेणखत द्यायचे ते कशासाठी?

युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 21 किलो नत्र असते आणि अनुदानामुळे ती शेतकऱ्याला पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. तेवढेच नत्र शेणखतातून द्यायचे म्हटले तर चार टन खत लागेल, कारण बऱ्यापैकी कुजलेल्या शेणखतातही नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असते. हे चार टन उकिरड्यातून उकरायचे, पाट्या भरून बांधाबांधावरून खाचरात न्यायचे आणि पसरायचे. एवढे करून त्यातले जेमतेम पाव ते एक तृतीयांश नत्र पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येणार. त्यात घरोघरचे बैल कमी झाले, नांगरणी पॉवर टिलरवर गेली, म्हणजे शेणही आटले. असा हिशेब मांडला की सेंद्रिय खताची वकिली करणाऱ्याला गप्प बसावे लागते. पण हा सगळा हिशेब शेणखताला पातळ युरिया मानून केलेला आहे. भातखाचरात सेंद्रिय खत नत्र पुरवते ते जाता जाता. त्याचे मुख्य काम पाण्याखाली गेलेल्या मातीत आधीच असलेली अन्नद्रव्ये मोकळी करणे, ती धरून ठेवणे आणि कापणीबरोबर शेताबाहेर गेलेली काही द्रव्ये परत आणणे हे आहे. हेच काम चुकीच्या वेळी आणि चुकीच्या खताने झाले तर पीक बसते, आणि त्याबद्दल सेंद्रिय शेतीचे उत्साही प्रचारक फारसे बोलत नाहीत.

भाताची माती इतर पिकांच्या मातीपेक्षा मुळात वेगळी वागते. ज्वारीच्या किंवा कापसाच्या रानात मातीच्या कणांमधून हवा खेळत असते. खाचरात चिखलणी करून पाणी बांधले की ती हवा कोंडली जाते आणि मातीतले जिवाणू उरलासुरला प्राणवायू दिवसभरात संपवून टाकतात. वरचा काही मिलिमीटरचा पापुद्रा तेवढा हवेशीर राहतो. खाली जिवाणूंना श्वसनासाठी दुसरे काहीतरी शोधावे लागते आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, मग मँगनीजच्या ऑक्साइडांमधला, मग लोहाच्या, त्यानंतर सल्फेटमधला, आणि काहीच उरले नाही की मिथेन तयार होऊ लागतो. लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे श्रीलंकेचे मृदाशास्त्रज्ञ पोन्नंपेरुमा यांनी 1972 मध्ये बुडीत मातीच्या रसायनशास्त्रावर जो प्रदीर्घ लेख लिहिला, त्यात ही साखळी नीट मांडलेली आहे. या साखळीला इंधन लागते आणि ते इंधन म्हणजे कुजणारा सेंद्रिय पदार्थ. नुसते पाणी बांधून माती बदलत नाही. जिवाणूंना खायला कर्ब असेल तरच ती वेगाने बदलते.

कोकणच्या जांभ्या मातीत या गोष्टीला विशेष महत्त्व येते. या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा आहे आणि स्फुरद या ऑक्साइडांना इतके घट्ट चिकटते की पिकाला ते दिसतही नाही. सुपर फॉस्फेट टाकले तरी त्यातला मोठा भाग तिथेच अडकतो. पाण्याखाली मात्र जिवाणू लोहाचे रूप बदलतात, ते विरघळू लागते आणि त्याला चिकटलेले स्फुरद सुटे होते. आम्ल माती पाण्याखाली काही आठवड्यांत उदासीनतेकडे सरकते, कारण लोहाच्या या रूपांतरात आम्लता खर्ची पडते. कोरड्या मातीच्या चाचणीत स्फुरदाला दरिद्री ठरलेल्या खाचरात भात बरा येतो आणि त्याच खाचरात रब्बीला वाल किंवा कुळीथ घेतला की स्फुरदाची चणचण जाणवते, याचे कारण हेच. जिथे सेंद्रिय कर्ब बरा आहे तिथे ही सुटका लवकर होते. शेणखताच्या टनात स्फुरद दोन-तीन किलोच असेल, पण त्याने मातीतले किती मोकळे केले हे पोत्यावरच्या आकड्यांत कुठेच येत नाही.

नत्राची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे आणि खरा वादही तिथेच आहे. खाचरात टिकणारे नत्र म्हणजे अमोनियम. नायट्रेट पाण्याखाली टिकत नाही, त्याचा वायू होऊन ते हवेत जाते. युरिया उभ्या पाण्यात फेकला की त्याचा काही भाग अमोनिया होऊन उडतो. काही भाग वरच्या हवेशीर पापुद्र्यात नायट्रेट बनतो, खाली झिरपतो आणि तिथे वायूरूपाने संपतो. म्हणून पाणथळ भातात दिलेल्या रासायनिक नत्रातले पिकाच्या हाती बहुधा तीस-चाळीस टक्केच लागते. कोकणात त्यात तीन हजार मिलिमीटरच्या पावसाची भर पडते. जांभ्या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची आहे. अमोनियम, पालाश, चुना धरून ठेवण्याची तिची ताकद अगदी बेताची. कुजून स्थिरावलेला सेंद्रिय पदार्थ, म्हणजे ह्यूमस, त्याच वजनाच्या केओलिनाइटपेक्षा ही द्रव्ये कैक पटींनी अधिक धरतो. काळ्या मातीच्या विदर्भातल्या शेतकऱ्याला ह्यूमस कमी असला तरी त्याची चिकणमाती सांभाळून घेते. तांबड्या मातीच्या खाचरात ते काम करायला ह्यूमसशिवाय फारसे कोणी नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा खुणेच्या नत्रावरच्या प्रयोगांतून मिळाला. नत्राचा जड समस्थानिक खतात मिसळून तो पिकात किती उतरला हे मोजता येते. अशा प्रयोगांत देशोदेशी एकच गोष्ट दिसली, की भरपूर खत दिलेल्या भातानेही निम्म्याहून अधिक नत्र खतातून न घेता मातीच्या स्वतःच्या साठ्यातून घेतलेले असते. जपानी शेतकऱ्यांचे एक जुने वचन आहे, भात पिकवावा जमिनीच्या कसावर आणि सातू पिकवावा खतावर. प्रयोगशाळेने त्यावर उशिरा का होईना शिक्का मारला. एक टन भात पिकायला पंधरा ते वीस किलो नत्र लागते. हेक्टरी चार टनांचे पीक घ्यायचे तर साठ ते ऐंशी किलो, आणि त्यातला मोठा हिस्सा मातीने द्यायचा आहे. तो साठा दरवर्षी थोडा थोडा खर्च होतो आणि मुळे, धसकटे, शेवाळ, शेणखत, पाला यांतून थोडा थोडा भरतो. शेणखतातले जे दोन तृतीयांश नत्र पहिल्या हंगामात ‘मिळाले नाही’ म्हणून आपण वाया गेले समजतो, ते बरेचसे या साठ्यात जमा झालेले असते.

सगळे सेंद्रिय खत मात्र एका मापाने मोजता येत नाही. निकाल ठरवणारी गोष्ट कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर. भाताच्या पेंढ्यात एका भाग नत्रामागे साठ-सत्तर भाग कर्ब असतो. असा पेंढा लावणीच्या तोंडावर गाडला की जिवाणू कर्बावर तुटून पडतात, त्यांच्या स्वतःच्या वाढीला नत्र कमी पडते आणि ते मातीतले अमोनियम उचलतात. लावलेले रोप नेमके याच दिवसांत पिवळे पडते. पुढे जिवाणू मरतात, नत्र सुटते, पण फुटव्यांचा काळ तोवर निघून गेलेला असतो. गिरिपुष्पाच्या पाल्याचे उलट आहे. वाळलेल्या पाल्यात तीन टक्क्यांच्या आसपास नत्र असते आणि कर्बाचे प्रमाण त्यामागे बारा-पंधरा पटच, त्यामुळे तो आठवडाभरातच नत्र सोडू लागतो. ताज्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणी असते हे धरले तरी टनामागे सात-आठ किलो नत्र येते. शेणखतापेक्षा हे जास्त आणि लवकर हाती येणारे. चांगले कुजलेले शेणखत या दोहोंच्या मधले. ते घाईने काही घेत नाही आणि घाईने काही देतही नाही.

ताजा, न कुजलेला माल खाचरात गेला की काय होते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. चिखलात पाय रोवला की बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. रोप उपटून मुळे धुतली की निरोगी मुळांवर दिसणारी तांबूस गंजाचे पुट नसते, मुळे काळपट दिसतात. भाताची मुळे आपल्या पोकळ ऊतींतून प्राणवायू खाली नेतात आणि स्वतःभोवती लोहाचे तांबूस कवच करतात, ते त्यांचे संरक्षण असते. फार वेगाने कुजणाऱ्या मालाने सेंद्रिय आम्ले आणि हायड्रोजन सल्फाइड तयार झाले की हे संरक्षण कोसळते, आणि मुळेच पंगू झाल्यावर मातीत पालाश असूनही ते वर जात नाही. जपानमध्ये सुरुवातीला जोमदार दिसून पोटरीच्या सुमारास ढासळणाऱ्या पिकाला ‘अकिओची’ म्हणत. लोह कमी झालेल्या जुन्या खाचरांत सल्फाइडचा हा उपद्रव होता. आपल्याकडे लोह भरपूर, त्यामुळे सल्फाइड बांधले जाते, पण निचरा न होणाऱ्या खोलगट खाचरांत त्याच लोहाचा अतिरेक होऊन पानांवर तांबूस ठिपके पडतात. तिथे ताजा पाला किंवा पेंढा भरघोस घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. तिथे आधी पाणी काढून द्यावे आणि मग खताचा विचार करावा.

मिथेनचा आक्षेपही इथेच येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बुडीत खाचर हा मिथेनचा जगातला एक मोठा स्रोत आहे आणि सेंद्रिय माल हे त्याचे इंधन. पण हवामानबदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलच्या मोजणी-पद्धतीत लावणीच्या तोंडावर गाडलेल्या पेंढ्याचा मिथेनवरचा परिणाम एक मानला तर कंपोस्टचा त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी धरला जातो. महिनाभर आधी कोरड्या जमिनीत मिसळलेला पेंढाही बराच सौम्य ठरतो. म्हणजे पिकाला त्रास देणारी सवय आणि हवेला त्रास देणारी सवय एकच आहे, कच्चा माल थेट पाण्यात घालण्याची. ती सोडली की दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी मिटतात.

आता पेंढ्याकडे वळतो, कारण माझ्या मते कोकणच्या भातशेतीची सर्वांत मोठी गळती तिथे आहे. भाताने उचललेल्या पालाशापैकी दाण्यात पाचवा हिस्सादेखील जेमतेम जातो, बाकीचे पेंढ्यात राहते. टनभर पेंढ्यात बारा ते सतरा किलो पालाश असते. हेक्टरी चार टन पेंढा उचलला तर म्युरेट ऑफ पोटॅशच्या दोन-अडीच गोण्यांइतके पालाश शेताबाहेर गेले, आणि हे खत भारताला परदेशातून आणावे लागते. हा पेंढा गोठ्यात गेला आणि शेण परत शेतात आले तर चक्र पुरे होई. आता तो भारे बांधून विकला जातो, हापूसच्या अढीत आणि पेटीत घातला जातो. मुंबईच्या बाजारात पोचलेल्या आंब्याबरोबर खाचरातले पालाशही पोचते, ही गंमत नव्हे. पालाशापेक्षाही दुर्लक्षित आहे सिलिकॉन. भाताच्या पेंढ्यात तो चार ते सात टक्के असतो, म्हणजे नत्राच्या कितीतरी पट. पाने ताठ राहणे, करपा आणि खोडकिडीला तोंड देणे यात त्याचा वाटा आहे. जांभी माती तर बनतेच मुळी सिलिका वाहून जाऊन. अशा मातीतून दरवर्षी पेंढाही उचलायचा आणि बदल्यात युरिया टाकायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

जुन्या लोकांना याची जाण होती असे म्हणण्याचा मोह होतो, पण राबाची गोष्ट इतकी सरळ नाही. ऐन-किंजळाच्या तोडलेल्या फांद्यांची कवळ, पातेरा, शेण आणि वर माती असे थर रचून फाल्गुन-वैशाखात दाढीची, म्हणजे रोपवाटिकेची, जागा भाजायची, ही भाजावळ म्हणजेच राब सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना पिढ्यानपिढ्या चालत आली. ठाण्याच्या जंगलात इंग्रज सरकारने कवळतोडीवर बंधने आणली तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला, आणि ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी 1893 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय शेतीवरच्या अहवालात राबाची स्वतंत्र चर्चा केली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासह राबाचा रासायनिक अभ्यास केला, तो 1912 मध्ये छापला गेला. राबाने तणाचे बी मरते, मातीला शेक बसतो, राखेतून पालाश, स्फुरद, चुना आणि सिलिका मिळते, हे सारे खरे. पण सेंद्रिय पदार्थातले नत्र आणि कर्ब धुरावाटे जाते. शिवाय हे सगळे दाढीच्या मूठभर जागेपुरते आणि त्यासाठी डोंगराची झाडे बोडकी करून. ज्या पाल्याने खाचरातले जिवाणू पोसले असते तो रोपवाटिकेत जळतो. राब वाईट होता असे म्हणवत नाही. जमीन थोडी आणि जंगल अमाप होते तेव्हा तो परवडत होता.

एक आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने 1840 मध्ये झाडे खनिजे शोषतात हे ठसवल्यापासून आपण जाणतो की मुळाला अमोनियम शेणातून आले की कारखान्यातून याचे सोयरसुतक नसते. मान्य. प्रश्न अमोनियमच्या कुळाचा नाही, ते कधी, किती आणि किती काळ मिळते याचा आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. लॉस बान्योसला 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकाच जमिनीत वर्षाला दोन-तीन भात घेण्याचा प्रयोग चालू आहे. तिथे बाहेरून सेंद्रिय खत न घालताही मातीतला कर्ब आणि नत्र टिकून राहिले, कारण मुळे, धसकटे आणि निळे-हिरवे शेवाळ ते भरून काढत होते. भातखाचरातले हे शेवाळ हवेतले नत्र बांधते हे संशोधक डे यांनी 1939 मध्येच दाखवले होते. मग शेणखताची यातायात कशाला? पण त्याच प्रयोगात 1970 आणि 80 च्या दशकांत उत्पादन घसरले, साठा तोच असूनही. सतत पाण्याखाली राहिलेल्या सेंद्रिय पदार्थाचे रूप बदलून त्यातून नत्र हळू सुटू लागल्याचे पुढे आढळले, आणि जमीन मधे कोरडी पडू दिल्यावर व खताच्या वेळा सुधारल्यावर उत्पादन पुन्हा वर आले. कोकणची खाचरे उन्हाळ्यात तडकेपर्यंत सुकतात, तेव्हा हा दोष आपल्याकडे कमी. पण फिलिपिन्सच्या त्या चिकण, गाळाच्या जमिनीचा टिकाऊपणा आपल्या वाहत्या जांभ्या मातीला लावता येत नाही, आणि पालाश व सिलिकॉनची भरपाई तर शेवाळ करतच नाही.

पलीकडच्या बाजूचा दावाही तपासायला हवा, की रासायनिक खताने जमीन मरते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत-प्रयोग 1970 पासून देशभर चालू आहेत. त्यांत ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे फक्त नत्र दिले गेले ते ढासळले, पण संतुलित नत्र-स्फुरद-पालाश मिळालेल्या तुकड्यांत सेंद्रिय कर्ब सहसा टिकला किंवा वाढला, कारण पीक मोठे आले की मुळे आणि धसकटेही मोठी. सर्वांत स्थिर ठरले ते पूर्ण खतमात्रेसोबत शेणखत मिळालेले तुकडे. आणि श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली तेव्हा काय झाले हे ताजे आहे. काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली, भाताचे उत्पादन कोसळले आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. मातीचा नत्रसाठा आदेशाने भरत नाही, त्याला वर्षे लागतात. तेवढे सेंद्रिय खत देशात नव्हतेच. आपल्याकडेही नाही. हेक्टरी शंभर किलो नत्राची शिफारस सगळी शेणखताने भागवायची तर वीस टन खत हवे, आणि एवढी गुरे आता कोणत्या वाडीत आहेत?

म्हणून मला डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती आजही सर्वांत समंजस वाटते, कारण ती या सगळ्या रसायनाचा मान राखते. सावंत हे भातातल्या सिलिकॉनचे जाणकार. त्यांचे पहिले सूत्र भाताचे अवशेष भातालाच परत देण्याचे, त्यात रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची, म्हणजे राबातला सिलिका आणि पालाश झाडे न तोडता मिळते. दुसऱ्या सूत्रात हेक्टरी तीनेक टन गिरिपुष्पाचा पाला. बांधावरच्या फांद्या लावणीच्या आठवडाभर आधी खाचरात पसरायच्या, पाने गळली की काटक्या जळणाला न्यायच्या आणि चिखलणी करायची. धैंचा किंवा तागासाठी लागणारे दीड महिने पावसावरच्या कोकणी भाताकडे नसतातच, बांधावरचा पाला मात्र जूनमध्ये तयार असतो. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे: 15 आणि 25 सेंटिमीटर अशी आळीपाळीने, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन पडतो. आणि चौथे, अशा प्रत्येक चौकोनात युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, जिथे प्राणवायू नाही आणि अमोनियमचे नायट्रेट होण्याची भीती नाही. हेक्टरी 62,500 गोळ्या, वजनाने 170 किलोच्या आत, त्यांतून साठ किलोहून थोडे कमी नत्र. उरलेले पाला आणि माती देतात. कारखान्याची गोळी आणि बांधावरची फांदी एकाच खाचरात शेजारी शेजारी काम करतात, आणि दोघांचे भांडण होत नाही. अडचण आहे ती हातांची. इतक्या गोळ्या वाकून खोचायला मजूर मिळत नाहीत. हे सूत्र गावोगाव का रुजले नाही याचे उत्तर मातीत शोधू नये.

आणखी एक अडथळा कागदावरचा आहे. 2015 पासून शेतकऱ्यांना मृद आरोग्यपत्रिका मिळतात. तिच्यात बारा गोष्टींची नोंद असते, सेंद्रिय कर्बापासून बोरॉनपर्यंत, पण सिलिकॉन नाही. शिवाय नमुना उन्हाळ्यात घेतात, सुकवतात, चाळतात, आणि भात मात्र चार महिने बुडीत मातीत उभा असतो, जिचे स्फुरद, आम्लता आणि लोह तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पार वेगळे झालेले असतात. पत्रिकेवर स्फुरद ‘कमी’ दिसले म्हणून डीएपीची जादा गोणी आणण्याआधी एक सोपी गोष्ट करता येते. एकाच पातळीवरच्या दोन खाचरांपैकी एकात लावणीआधी पाला घालायचा, दुसऱ्यात नाही, बाकी खत सारखे, आणि महिन्याने दोन्हींतल्या दहा-दहा चुडांचे फुटवे मोजायचे, मुळे धुऊन त्यांचा रंग पाहायचा. कृषी सहायकाला बोलावून हे केले तर उत्तमच, न बोलावता केले तरी चालते.